गावात शूटिंग आणि शूटिंगवरच पिच्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर रील करून हात बसलेली विदर्भातली पोरं आता पूर्ण लांबीचा सिनेमा काढायचं म्हणतात. विषय विचारला तर बहुतेकांचा एकच निघतो: "गावातले लोकं पिच्चर काढाले जातात अन् मग जो धिंगाणा होते, त्याच्यावरच पिच्चर." विषय चांगला आहे. लोकेशन दारात, माणसं ओळखीची, खर्च आटोक्यात. पण हा प्रकार वाटतो तितका सोपा नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न, ज्याने जसे विचारले तसे, आणि त्यांची उत्तरं एका जागी ठेवली आहेत.

"शूटिंग म्हटलं का धिंगाणा होतेच. तोच मोबाइलवर धरला अन् जोडला तं नाही जमणार?"

नाही जमणार. खरा गोंधळ पडद्यावर कंटाळवाणा असतो. पाच जण एकदम बोलतात, आवाज एकाचाही धड भरत नाही, मजा घडली तेव्हा कॅमेरा भलतीकडे वळलेला असतो, आणि नेमकं कोणाचं काय बिघडलं हे पाहणाऱ्याला कळतच नाही.

पडद्यावरच्या गोंधळाचं हसू येतं, कारण कोणाला काय पाहिजे हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. समजा, सरपंचाला आपला पोरगा हिरो करायचाय. पोराला हिरो व्हायचंच नाही, त्याला कॅमेरा धरायचाय. किराणावाल्याला दुकानाची पाटी प्रत्येक सीनमध्ये दिसायला पाहिजे, कारण त्याने वर्गणी दिली आहे. दिग्दर्शकाला दिवस बुडायच्या आत एक सीन संपवायचाय. ह्या चौघांना एका चौकात उभं करा आणि शेजारच्या लग्नाची वरात तिथूनच जाऊ द्या. कोणीही विनोद करत नाही. उलट प्रत्येकजण आपलं काम जीव तोडून करतोय, म्हणून हसू येतं. ज्या क्षणी नटाला वाटतं की "मी आता कॉमेडी करून राहिलो," त्या क्षणी सीन मेला.

आणि हे सगळं मोजूनमापून बसवावं लागतं. जमिनीवर फक्कीने खुणा करा: वरात इथून निघेल, सरपंच इथे थबकेल, पाटी इथे पडेल. कॅमेरा न लावता तालीम करा. २०१७ साली आलेल्या 'वन कट ऑफ द डेड' ह्या जपानी सिनेमाची पहिली ३७ मिनिटं एकाच न तुटलेल्या शॉटमध्ये आहेत आणि ती बघताना वाटतं, काय भंगार काम केलंय. पुढच्या भागात कळतं की प्रत्येक अडखळण्यामागे पडद्याआड कोणीतरी धावपळ करत होतं. गचाळ दिसणाऱ्या त्या शॉटमधल्या बहुतेक चुका ठरवून लिहिलेल्या आहेत. तुमच्या सिनेमालाही तेवढीच शिस्त लागेल.

"असा पिच्चर आधी कोणी काढला असंल तं मग आपला कोण पाहीन?"

कितीतरी आहेत, आणि आपल्या मराठीतला सगळ्यात मोठा किस्सा तर खरा घडलेला आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पण त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी काय काय भोगलं ते बघा. तारामतीचं काम करायला बाईमाणूस मिळेना. शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. बाईचं काम करणाऱ्या पुरुषांनी मिशी काढायला नकार दिला, कारण बाप जिवंत असताना मिशी काढणं अशुभ. वांगणी गावी शूटिंगला मंडळी पुढे गेली, तर तलवारी आणि वेश पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरच आले असं वाटलं आणि सगळ्यांना पकडून ठेवलं. फाळके मागून पोहोचले, त्यांनी कॅमेरा उघडून दाखवला, फिल्म न घालताच एक प्रवेश करून दाखवला, तेव्हा सुटका झाली असं सांगतात. ह्याच अण्णा साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही कामं केली.

ह्या सगळ्यावर परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' केला आणि २००९ साली भारताने तो ऑस्करसाठी पाठवला. तो बघाच. त्यात फाळके कुठेही स्वतःला विनोदी समजत नाहीत.

तुमचा पाहायला लोक येतील ते गावासाठी. फाळक्यांच्या वेळी मिशीचा प्रश्न होता, तुमच्याकडे त्याची जागा दुसरं काहीतरी घेईल: वर्गणी, भावकी, पोरगी हिरोइन झाली तर लग्न कसं जमणार ही काळजी. तिथे शोधा.

"वऱ्हाडी बोललं का लोकं हासतेत. मग संवाद सोपे नाहीत का?"

ह्या प्रश्नाचा मला राग येतो, पण उत्तर देतो. भाषेला हसणं आणि माणसाने हसवणं ह्यात फरक आहे. टीव्हीवर एखादं पात्र नुसतं "काऊन बे" (का रे) म्हणालं की स्टुडिओत हशा होतो. गावात मात्र "काऊन बे"ला कोण हसेल? तिथे सगळेच तसं बोलतात. तुमच्या सिनेमात वऱ्हाडी ही साधी, रोजची, गंभीर भाषा असू द्या. अडचण व्हायची तर शहरातून आलेल्या दिग्दर्शकाची होऊ द्या. तो म्हणतो, "थोडं इमोशनल घ्या," आणि आबाजी विचारतात, "कुठून घेऊ?"

दुसरं, सगळा विदर्भ एकच बोली बोलत नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडची वऱ्हाडी वेगळी, नागपूरकडची धाटणी वेगळी, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडची झाडीबोली आणखी वेगळी. ज्या गावात गोष्ट घडते तिथलीच ठेवा. आणि शक्यतो आवाज जागेवरच भरा. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बसून डबिंग केलं की हेल जातो, आणि हेल गेला की वाक्याचा अर्धा जीव जातो.

"नट कुठून आणायचे?"

आधी घराजवळ बघा. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं मुख्य ठाणं. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत गावोगावी नाटकं होतात, रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. ज्या नटाने हजारो माणसांसमोर, माइक खरखरत असताना, रात्री तीन वाजता लोकांना जागं ठेवलंय, त्याला विनोदाची वेळ शिकवायची गरज नाही. दंडार आणि खडीगंमत ह्या लोककला करणारी मंडळीही अशीच, ऐनवेळी वाक्य सुचण्यात तरबेज.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. पहिली: त्यांचा आवाज आणि हात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला घडलेले असतात. कॅमेरा चार फुटांवर असतो. "कमी करा" असं सांगण्यापेक्षा एकदा त्यांचाच शॉट त्यांना मॉनिटरवर दाखवा, ते स्वतःच उतरवतात. दुसरी: दिवाळी ते होळी हे लोक मिळणार नाहीत. हा त्यांचा कमाईचा हंगाम आहे. त्या काळातल्या तारखा मागून त्यांना कोड्यात टाकू नका.

"मग शूटिंग कोणत्या महिन्यात ठेवू?"

इथेच मेख आहे. उजेड आणि हवा सगळ्यात चांगली डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा झाडीपट्टीचे नट नाहीत आणि वऱ्हाडात कापसाची वेचणी चालू असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तुमच्या गर्दीच्या सीनसाठी बाया दिवसभर उभ्या राहाव्यात असं वाटत असेल तर तेवढी मजुरी द्यावी लागेल. चहा-बिस्किटावर कोणी वावर सोडून येत नाही, आणि येऊही नये. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. जूनमध्ये पेरणी. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. नवतप्यात कॅमेरा आणि मोबाइल तापून बंद पडतात, माणसांचं तर सोडाच.

मला विचाराल तर होळीनंतरचा मार्च. होळी झाली की नट मोकळे, वेचणी उरकलेली, ऊन अजून सोसण्याजोगं. दुपारी बारा ते तीन बाहेरचे शॉट ठेवू नका, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. त्या वेळात घरातले, ओसरीवरचे सीन करा. बाहेर करणं भागच असेल तर वर पांढरं पातळ कापड ताणा.

पोळ्याचं दृश्य पाहिजे असेल तर पोळ्याच्याच दिवशी चित्रित करा, पण त्या दिवशी बैल गाडीला जुंपायला मागू नका. कोणी देणार नाही आणि मागितल्याचं वर्षभर बोलतील.

"सिनेमातला डायरेक्टर 'कट' म्हणते तं आपला खरा क्यामेरामन बी क्यामेरा बंद करते. काय करू?"

शूटिंगवरच्या सिनेमातली ही सगळ्यात हमखास अडचण आहे आणि ती पहिल्याच दिवशी येते. उपाय सोपा: खऱ्या दिग्दर्शकाने 'कट' हा शब्द वापरायचाच नाही. तो "थांबा" म्हणेल. 'ॲक्शन'च्या जागी "चला". हे सगळ्यांना, चहावाल्यालासुद्धा, आधी सांगून ठेवा. नाहीतर गोष्टीतला दिग्दर्शक "पॅकअप" ओरडेल आणि तुमचा खरा लाइटमन वायरी गुंडाळायला घेईल.

क्लॅप, म्हणजे शॉटआधी वाजवायची पाटी, दोन लागतील. गोष्टीतल्या क्लॅपवर सीन-शॉटचे आकडे खऱ्यासारखे लिहिले तर एडिटिंगला बसलेला माणूस वेडा होतो. खोट्या क्लॅपवर ९००च्या पुढचे आकडे टाका, म्हणजे कॉम्प्युटरवर फाइल पाहताच कळेल.

कॅमेराही दोन. एक खरा, एक फ्रेममध्ये दिसणारा. दिसणाऱ्या कॅमेऱ्यात शक्य असेल तर कार्ड घालाच आणि तो चालू ठेवा. गोष्टीतल्या सिनेमाचे तुकडे तुम्हाला पुढे लागणारच आहेत: हिरो खोट्या कॅमेऱ्याकडे बघून रडतोय आणि मागून बकरी आरामात त्याचा संवादाचा कागद खातेय, हे खोट्या कॅमेऱ्याच्याच जागेवरून दिसलं पाहिजे. तो शॉट वेगळा घ्यायचा म्हणजे बकरीला पुन्हा पटवणं आलं. दोन्ही चित्रांत फरक दिसावा म्हणून आतल्या सिनेमाची चौकट वेगळी ठेवा, जुन्या टीव्हीसारखी ४:३, आणि रंग जरा भडक. प्रेक्षकाला पाटी लावून सांगावं लागत नाही.

एक फायदाही आहे. इतर सिनेमांत माइकचा दांडा फ्रेममध्ये आला की शॉट वाया. तुमच्यात तो गोष्टीचा भाग होऊ शकतो. पण मग तुमच्या खऱ्या माणसांनाही कंटिन्युटी लागते. साउंडवाला एका सीनमध्ये लाल बनियनवर दिसला आणि त्याच सीनच्या दुसऱ्या दिवशीच्या शॉटमध्ये पांढऱ्या शर्टात आला तर पंचाईत. सबंध युनिटचे कपडे ठरवून टाका आणि रोज सकाळी प्रत्येकाचा एक फोटो काढा. धुणं रात्री करा.

"परवानगी कोणाकोणाची? सरपंच तर आपलेच आहेत."

सरपंच आपले असले तरी ग्रामपंचायतीचं पत्र लेखीच घ्या, पुढच्या निवडणुकीनंतर ते दुसऱ्यांचे असू शकतात. ज्याचं घर, वावर, दुकान दिसतं त्याची सही घ्या, आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांची. एकाने हो म्हटलं आणि दुसरा कुऱ्हाड घेऊन आला, हे दृश्य तुमच्या कथेत असू द्या, शूटिंगला नको.

पोलीस ठाण्याला आधी कळवा, विशेषतः गोष्टीत मारामारी, खोटी बंदूक किंवा खाकी वर्दी असेल तर. रस्ता अडवायचा असेल तर त्याचंही पत्र. सरकारी जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, अर्ज ऑनलाइन होतो. एसटी, रेल्वे, वनखातं आणि पुरातत्त्व खातं ह्यांचे दर आणि नियम वेगवेगळे. जंगलातला शॉट "पटकन घेऊन येऊ" असं कोणी म्हणालं तर त्याला गावातच ठेवा.

"ड्रोन उडवू का?"

ड्रोनची नोंदणी पाहिजे, आणि सरकारचा त्या दिवशीचा ड्रोन-नकाशा पाहून ती जागा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येईल अशा भागात, आहे ना ते तपासा. विदर्भात संरक्षण खात्याच्या जागा कमी नाहीत: पुलगावला दारूगोळ्याचं कोठार आहे, भद्रावती, जवाहरनगर आणि अंबाझरीला आयुधनिर्माणी आहेत. तिथे विनोद चालत नाही. आणि खरं सांगायचं तर गावावरून उडत्या शॉटने सुरू होणारे सिनेमे आता फार झाले.

"लहान पोरं अन् बैलजोडी दोन्ही आहे स्टोरीत."

दोन्हींसाठी कायदा आहे आणि दोन्हींकडे लोक दुर्लक्ष करतात.

१४ वर्षांखालच्या मुलाला कामाला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाच्या मुदतठेवीत. "भाचाच आहे माझा" म्हणून ह्यातून सुटका नाही. नियम बाजूला ठेवला तरी पाच तासांनंतर पोराचं तोंड पडतंच, मग त्याला हसवण्यात उरलेल्या युनिटचा दिवस जातो.

जनावराकडून काम करून घ्यायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधीच घ्यावी लागते, मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगढला आहे. ते कागद नसले की सेन्सॉरला अडतं. वरच्या बकरीलाही हे लागू आहे.

"खर्रा खाताना दाखवला तर चालेल का?"

वऱ्हाडातलं पात्र खर्रा घोटत नसेल तर खोटं वाटेल, हे मान्य. पण त्यात तंबाखू आहे. सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्ये आरोग्याचे संदेश लावावे लागतील, आणि तो दिसत असेल तोवर खाली इशाऱ्याची ओळ. तुमचा भावनिक प्रसंग त्या ओळीखाली चालेल का, ते ठरवा. एक चांगला मार्ग: पात्राने सिनेमाभर पुडी शोधत राहावं आणि ती त्याला मिळूच नये.

"लाइट जाते, त्याचं काय?"

जाणारच. शेतीच्या फीडरला तीन फेज वीज ठरावीक तासच असते, कधी दिवसा, कधी रात्री. एलईडी दिवे घरगुती लाइनवर किंवा बॅटरीवर चालतात, तेवढ्यात भागवा. मोठे दिवे लागणार असतील तर जनरेटर घ्या, तो भिंतीआड आणि लांब ठेवा, नाहीतर प्रत्येक संवादामागे तो घुरघुरत राहील. कुटाराच्या ढिगाशेजारी किंवा पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) गंजीजवळ तर मुळीच नको.

आवाजाचे बाकीचे शत्रू: पिठाची गिरणी, थ्रेशर, मंदिराचा भोंगा, डीजे. गिरणीवाल्याला शॉटच्या वेळेचा कागद आधी द्या. भजनी मंडळाशी भांडू नका, त्यांनाच एक सीन द्या.

"पाहायला गाव लोटते. गर्दी आवरायची कशी?"

पहिल्या दिवशी आवरू नका. नारळ फोडा, सगळ्यांना कॅमेऱ्यातून बघू द्या, पोट्ट्यांना क्लॅप वाजवू द्या. एकच शॉट पुन्हा पुन्हा घेताना पाहिला की तिसऱ्या दिवसापर्यंत निम्मी गर्दी कंटाळून घरी जाते. उरलेल्यांतले दोन दांडगे, सगळ्यांना ओळखणारे निवडा आणि त्यांनाच दोरी धरायला लावा. बाहेरून आणलेला सुरक्षारक्षक हे काम करू शकत नाही, त्याला कोणाची आजी कोण हे माहीत नसतं.

मारामारीच्या सीनआधी मात्र मोठ्याने सांगा की हे खोटं आहे. नाहीतर सीनमधल्या काकाला वाचवायला खरा पुतण्या धावतो. बिनकठड्याच्या विहिरीजवळ दोरी बांधा, आणि १०८ ची गाडी कुठून किती वेळात येते हे आधी विचारून ठेवा.

"जेवण?"

वेळेवर. बाकी काहीही चालतं. सकाळी तर्री-पोहे, दुपारी भात, वरण, पोळी, वांग्याची भाजी. गावातल्या बचतगटाला काम द्या, शहरातल्या केटररपेक्षा चांगलं आणि गरम मिळतं. रोडग्यांचा बेत शेवटच्या दिवशी ठेवा, कारण रोडगे खाऊन त्या दिवशी पुढे काम होत नाही.

"एखादा मोठा स्टार आणला तं?"

त्याच्या दोन दिवसांच्या पैशात तुमचं उरलेलं शूटिंग होतं. गोष्टीतल्या लोकांना स्टार आणायचा असू द्या. तो शेवटपर्यंत येऊ नये.

"सरकार अनुदान देते म्हणे?"

मराठी सिनेमांसाठी योजना आहे, पण सिनेमा पूर्ण झाल्यावर तो तपासून, दर्जा ठरवून पैसे मिळतात. म्हणजे त्या भरवशावर उधारी करू नका.

"सेन्सॉर लागतो का? अन् दाखवाचा कुठं?"

फक्त यूट्यूबवर टाकणार असाल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. लोकांना जमवून जाहीर दाखवणार असाल, थिएटरात किंवा पडदा लावून, तर लागतं. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. २०२४ पासून यूएमध्ये, म्हणजे लहानांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या वर्गात, ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले आहेत. गावच्या भांडणातल्या शिव्या किती ठेवायच्या ते लिहितानाच ह्या गटांकडे बघून ठरवा.

तालुक्याच्या थिएटरात एखाद-दुसरा शो मिळवता येतो. झाडीपट्टीकडे मंडईच्या दिवसांत माणसं जमलेलीच असतात, तिथल्या नाटक मंडळांशी बोलून मोकळ्या रात्री पडदा लावता येईल. उघड्यावर दाखवायचं तर आवाजाची व्यवस्था चित्रापेक्षा महत्त्वाची.

आणि आपल्या गावातल्या पहिल्या शोवरून विनोद जमला की नाही हे ठरवू नका. तिथे लोक पूर्ण वेळ एकमेकांची नावं घेऊन ओरडतात, संवाद कोणाला ऐकूच जात नाही. तो शो मजेसाठी करा. एडिटिंगची शेवटची काटछाट करण्याआधी मात्र युनिटमधल्या कोणालाच न ओळखणाऱ्या दहा-बारा माणसांना, दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या घरी, बसवून दाखवा. तुम्ही मागे बसा, पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. जिथे ते मोबाइल काढतील तिथे कापा.